तंबू पाण्याजवळ नको, घराजवळ हवा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीत राहतो. यजमानांनी मला न विचारता जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी कोलाडला, कुंडलिका नदीच्या काठी तंबूत राहायचं ठरवून टाकलंय. निम्मे पैसेही भरलेत. जागा एका शेतकऱ्याची आहे. आठ तंबू, सगळ्यांत मिळून दोन संडास, पाण्याची एक टाकी, जेवण त्यांच्या घरचं. पंखा नाही, पलंग नाही. हे कॉलेजात असताना असे खूप हिंडलेत, मी कधीच नाही. बरोबर बारा वर्षांची मुलगी (तिची पाळी सहा महिन्यांपूर्वीच सुरू झाली), सात वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. माहेर मुळशीकडचं. त्या म्हणतात, "सगळं लहानपण जमिनीवर झोपण्यात गेलं, आता पैसे देऊन पुन्हा तेच कशाला?" मला सापाची भीती वाटते, संडासाची वाटते, थंडीची वाटते. फोटोत जागा मात्र फार सुंदर दिसते. तंबू अगदी पाण्याला लागून, दहा पावलांवर नदी. पैसे गेले तर गेले, सरळ एखादं रिसॉर्ट घ्यावं का? की मी उगाच घाबरते आहे?
एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर

नमस्कार,

जा. रिसॉर्ट घेऊ नका. पण निघण्याआधी त्या जागेच्या मालकांना एक फोन करा, आणि तो यजमानांनी नाही, तुम्ही करा.

तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं. ज्या ज्या गोष्टींची भीती वाटते म्हणून लिहिलंत, त्यातल्या बहुतेकांना इलाज आहे, आणि तो मी पुढे सांगते. पण ज्या एका गोष्टीची खरोखर काळजी करायला हवी, तिला तुम्ही 'सुंदर' म्हणून गेलात. दहा पावलांवर नदी.

कुंडलिका ही इतर नद्यांसारखी पावसावर चालणारी नदी नाही. आपल्याकडच्या कोकणातल्या बऱ्याचशा नद्या जानेवारीत आटत आलेल्या असतात. गोटे उघडे पडलेले, मधून एक बारीक धार. कुंडलिका मात्र ऐन उन्हाळ्यातही दुथडी वाहताना दिसते, आणि त्याचं कारण वर भिरा इथे आहे. घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून आणि नळांमधून सह्याद्रीच्या पोटातून सुमारे ५०० मीटर खाली आणलं जातं. त्यावर भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ पासून चालतं आहे. वीज तयार करून झाली की ते पाणी कुंडलिकेत येतं. कोलाडचं राफ्टिंग सगळं ह्या पाण्यावर चालतं, आणि ते सकाळीच असतं, कारण पाणी साधारणपणे सकाळी सोडलेलं असतं. पण ही वेळ काही घड्याळाला बांधलेली नाही. विजेची गरज वाढली की यंत्रं सुरू होतात, आणि यंत्रं सुरू झाली की नदी चढते. वर आकाश निरभ्र, पावसाचा थेंब नाही, आणि तरी पाणी चढतं. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात हे येतच नाही. पूर म्हणजे पाऊस, एवढंच आपल्याला ठाऊक.

मी हे ऐकीव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही चार कुटुंबं अशाच एका नदीकाठी उतरलो होतो. रात्री जेवणं झाली, दोन पातेली, एक कढई आणि ताटं घेऊन आम्ही बायका पाण्यापर्यंत गेलो. मोठमोठे गोटे होते, त्यावर भांडी ठेवली, राखेने घासली, आणि अंधार फार झाला म्हणून 'सकाळी विसळू' म्हणत तशीच ठेवून आलो. सकाळी उठून बघते तर भांडी नाहीत. गोटेही नाहीत. जिथे आम्ही बसून घासत होतो तिथून कंबरभर पाणी चाललं होतं, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. कढई माझ्या आईची होती. तिचं दुःख मला आजही आहे, पण त्या सकाळी मी कढईचा विचार करत नव्हते. आदल्या संध्याकाळी आमची चार मुलं त्याच गोट्यांवर बसून पाय सोडून खेळली होती.

८ जून २०१४ ला हिमाचलमध्ये ब्यास नदीत हेच घडलं होतं, तुम्हाला बातमी आठवत असेल. हैदराबादहून सहलीला आलेले इंजिनियरिंगचे विद्यार्थी नदीपात्रातल्या खडकांवर फोटो काढायला उतरले, वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं, आणि २४ मुलं वाहून गेली. पात्र तोवर कोरडं, शांत होतं, म्हणून तर ती उतरली होती.

तेव्हा फोन करून पहिला प्रश्न हाच विचारा: "पाणी किती वाजता सोडतात, आणि सोडल्यावर तुमच्याकडे कुठवर येतं?" नदीकाठी जन्म काढलेला माणूस ह्याचं उत्तर लगेच देईल. 'सकाळी अमुक वाजता येतं, त्या आंब्याच्या खालपर्यंत चढतं, रात्री कधी आलं तर आवाजावरून कळतं' असं काहीतरी तो हात करून दाखवल्यासारखं सांगेल. असं उत्तर आलं तर निर्धास्त व्हा, जागा चांगल्या माणसाची आहे. "काही होत नाही हो, एवढी माणसं येतात" असं उत्तर आलं, तर मात्र भरलेल्या पैशांवर पाणी सोडा आणि दुसरी जागा बघा.

दुसरं, तंबू तुम्हाला पाण्याजवळ नको, त्यांच्या घराजवळ हवा, हे आधीच सांगून ठेवा. तिथे पोचल्यावर 'आता लावलाय, राहू दे' असं होतं, आणि यजमान मित्रमंडळींचे फोटो आठवून गप्प बसतात. त्यांना माझा निरोप सांगा: नदीचा आवाज साठ-सत्तर पावलांवरूनही तेवढाच छान येतो, आणि तिथे दहिवरही कमी पडतं. पाण्याला लागून असलेला तंबू पहाटे बाहेरून दवाने आणि आतून आपल्याच श्वासाच्या वाफेने भिजतो, पांघरुणं ओलसर होतात. त्यांनी कॉलेजात हे अनुभवलं असणार. तेव्हा वीस वर्षांचं अंग होतं, म्हणून लक्षात राहिलं नसेल.

पोचल्यावर पाणी कुठवर येतं ते स्वतःही बघून घ्या. नदी आपली खूण ठेवून जाते. झुडपांच्या फांद्यांत अडकलेला कचरा, वाळलेलं गवत, प्लॅस्टिकच्या पिशव्या कुठल्या उंचीवर आहेत ते बघा. खडकावर ओलीची रेघ असते, तिच्या खाली शेवाळ आणि वर कोरडा पांढुरका दगड. तंबू ह्या सगळ्याच्या बऱ्याच वर हवा, आणि मागे चढायला मोकळी वाट हवी. मुलांना बरोबर घेऊन ही पाहणी करा, त्यांना शोधाशोध फार आवडते. तुमचा सात वर्षांचा मुलगा संध्याकाळपर्यंत सगळ्या तंबूवाल्यांना पाण्याची रेघ दाखवत फिरेल.

मुलांसाठी नियम एकच, पण घरून निघतानाच सांगायचा, तिथे जाऊन नाही. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय पाण्याच्या दिशेने जायचं नाही, चेंडू वाहून गेला तरी नाही. 'मोठं माणूस' म्हणजे नेमकं कोण हेही ठरवा. चार मोठी माणसं काठावर गप्पा मारत बसली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. एका तासाला एक जण, आणि त्या तासात त्याच्या हातात मोबाईल नाही. तुम्हाला पोहता येतं की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण पोहता येणाऱ्यालाही वाहत्या पाण्यात तळ्यातलं पोहणं फारसं उपयोगी पडत नाही. शेवाळलेल्या गोट्यांवरून पाय निसटून दोन दगडांच्या फटीत अडकला, तर गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला उठू देत नाही. राफ्टिंगला जाणार असाल तर मुलाचं वय आधी सांगा, आणि लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. तो रडला तरी त्याला बोटीत बसवू नका.

आता बाकीच्या भीतींकडे येते.

साप. जानेवारीच्या थंडीत तो कमी दिसतो, पण नाहीच असं समजू नका. शेतघर म्हटलं की धान्य, धान्य म्हटलं की उंदीर, आणि उंदरामागे साप. आपल्याकडचे नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे चार मुख्य विषारी. त्यातला मण्यार तुमच्यासाठी महत्त्वाचा, कारण तो रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि चावला तरी फारसं दुखत नाही. म्हणून तंबूची चेन आत-बाहेर करताना दर वेळी पूर्ण लावायची. 'आत्ताच येतो' म्हणून उघडी ठेवायची नाही. चपला-बूट आत घ्यायचे आणि घालण्याआधी झटकायचे. अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. ह्या तीन गोष्टी पाळल्यात तर भीतीला फार जागा उरत नाही. आणि तरीही चावलाच, तर बांधणं, कापणं, चोखणं ह्यातलं काही करू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता, माणसाला न चालवता, १०८ ला फोन करून नाहीतर मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठा. रोहा आणि माणगाव दोन्ही तिथून जवळ आहेत. सापाच्या विषावरचं इंजेक्शन आत्ता कुठे आहे, हा तुमच्या फोनमधला दुसरा प्रश्न. तिकडच्या शेतकऱ्याला हे विचारलं म्हणून राग येत नाही, त्याच्या घरातही त्याची गरज पडते.

थंडी. डोंबिवलीच्या मानाने तिथली पहाट चांगलीच बोचरी असते, कारण गार हवा नदीच्या खोऱ्यात उतरून बसते. आपण वर पांघरुणं घेतो आणि खाली एक पातळ चटई टाकतो, मग रात्रभर कुशी बदलतो. गारठा खालून येतो. खाली दोन जाड सतरंज्या किंवा फोमच्या गाद्या, वर एक गोधडी, पायात मोजे, डोक्याला कानटोपी. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. ऊब हवी म्हणून शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं तंबूत घेऊ नका. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेली माणसं झोपेतच जातात. तंबूची वरची जाळीची खिडकीही थोडी उघडीच ठेवा.

संडास. दोन संडास आणि आठ तंबू म्हणजे सकाळी रांग लागणार, त्यात शंका नाही. राफ्टिंगवाले सगळे एकाच वेळी उठतात. तुम्ही सहाच्या आत उरकून घ्या, पुढची सकाळ तुमची आहे. बादली-मग आहे का आणि रात्री तिथे दिवा असतो का, एवढं विचारा. नसेल तर एक छोटा बॅटरीचा कंदील दाराबाहेर लटकवायला न्या.

लेकीच्या पाळीबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. ह्या कारणासाठी किती मुलींच्या सहली घरच्या घरी रद्द होतात, आणि त्यांना कारणही धड सांगितलं जात नाही. तिला आधीच सांगा की तिथे असताना आली तरी काही बिघडत नाही. तिच्या स्वतःच्या पिशवीत एक कापडी बटवा ठेवा. त्यात पॅड, दोन जादा चड्ड्या, वर्तमानपत्राचे कागद, चेन असलेली जाड काळी पिशवी, हात पुसायचे ओले रुमाल. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून त्या काळ्या पिशवीत, आणि ती पिशवी परत डोंबिवलीला. तिथल्या शोषखड्ड्यात नाही, नदीत तर नाहीच. संडासापर्यंत रात्री तिच्याबरोबर तुम्ही जायचं, भाऊ किंवा बाबा नाही, हेही तिला आधी सांगून टाका. बारा वर्षांच्या मुलीला मागायची लाज वाटते. आधी सांगितलंत की तिला मागावं लागत नाही.

पिण्याचं पाणी वीस लिटरच्या जारचं घ्या. नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गावं आहेत, गुरं आहेत.

जेवणाची काळजी सोडा. उलट त्यांना सांगा की आम्हाला पोपटी करून दाखवा. जानेवारी म्हणजे रायगडातला पोपटीचा ऐन मोसम, वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, खात असाल तर मसाला लावलेली कोंबडी, वरून ओवा आणि मीठ, पुन्हा पाला. थेंबभर पाणी नाही की तेल नाही. मडकं पालथं घालून भोवती पेंढा-पालापाचोळा पेटवतात, आणि अर्ध्या-पाऊण तासाने उघडलं की जो वास येतो, तो कुठल्याही रिसॉर्टच्या जेवणघरात मिळणार नाही. रिसॉर्ट घेऊ नका म्हटलं त्यामागे हेही एक कारण आहे. मुलांना पाला गोळा करायला पाठवा, पण भांबुर्डा ओळखणाऱ्या माणसाबरोबर.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे. सदुसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी तंबूत वाकून शिरायचं आणि जमिनीवरून उठायचं, ह्यात कसली आली मजा? त्यांना तंबूत झोपवू नका. शेतकऱ्याच्या घराला ओटी किंवा पडवी असेल, तिथे एक खाट मिळेल का, हा फोनमधला तिसरा प्रश्न. तिसाव्या वर्षी गंमत वाटते ती गोष्ट सत्तरीजवळ शिक्षा असते, आणि ते त्यांनी तुम्हाला स्पष्ट सांगितलं हे चांगलंच झालं. एकच संडास कमोडचा असेल तर तो सकाळी त्यांना आधी मिळावा असं मालकांना सांगून ठेवा. दोन्ही भारतीय पद्धतीचे असतील तर मेडिकलच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, ती गाडीच्या डिकीत मावते. त्या घरात त्यांच्या वयाची कोणी बाई असली, तर तुम्ही नदीवर असताना त्या दोघींच्या गप्पा रंगतील, वाल सोलत.

आणखी एक. त्यांचं माहेर मुळशीकडचं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. मुळशीचं धरण मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ बांधलं गेलं, तेव्हा खोऱ्यातली सुमारे पन्नास गावं त्याच्या तडाख्यात आली. १९२१ मध्ये तिथल्या मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते, आणि तिथूनच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. लढा तीन वर्षं चालला. धरण झालंच. जमिनी पाण्याखाली गेल्या. सासूबाईंच्या आजोबा-आजींनी हे डोळ्यांनी पाहिलं असेल, कदाचित त्यांच्याच घरातलं असेल. तुम्ही ज्या नदीच्या काठी राहायला निघालात, तिच्यात जानेवारीत वाहणारं पाणी त्याच धरणाचं आहे. सह्याद्री नसता फोडला तर ते भीमेतून, कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं. आता ते कुंडलिकेतून रेवदंड्याला पोचतं.

त्यांना हे माहीत आहे का, विचारा. 'चला, राहायला जाऊ' म्हणून आग्रह करू नका, नुसतं एवढं सांगा आणि त्या काय म्हणतात ते ऐका. आल्याच, तर सकाळी पाणी यायच्या आधी वर काठावर, रेघेच्या चांगलं वर, त्यांची खुर्ची मांडा. मुलांना दोन्ही बाजूंना बसवा. आधी आवाज बदलतो, मग कडेचे गोटे एकेक करून बुडायला लागतात. त्यांच्या माहेरचं पाणी येताना तिघांनी मिळून बघू दे.

फोन आजच करा, आणि पहिल्या प्रश्नाला काय उत्तर आलं ते मला कळवा.

तुमची,
ताई